रुग्णशय्येवरील नत्राचा जमाखर्च

यावल-रावेरच्या पट्ट्यातला एखादा मनुष्य जिवावरच्या दुखण्याने अंथरुणाला खिळला, म्हणजे फैजपूर, सावदा, न्हावी, खिरोदा अशा गावांतून त्याला तापी ओलांडून भुसावळास किंवा जळगावास, क्वचित पूर्वेकडे बऱ्हाणपुरास हलवण्याचा परिपाठ आहे. आणि तेथील अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर दोन-तीन दिवस तिष्ठत बसलेल्या आप्तेष्टांचा धीर सुटू लागला, की डॉक्टरांपुढे त्यांची जी दरखास्त येते ती पुष्कळदा औषधाविषयी नसून अन्नाविषयी असते. "साहेब, चार दिवस झाले, पोटात अन्नाचा कण नाही, ताकदीची बाटली तरी लावा."

या विनंतीकडे हसून पाहणारे पुष्कळ असतात. मला मात्र तिच्यात शास्त्राचाच एक जुना प्रश्न दिसतो. ज्या अर्थी आजारी मनुष्य डोळ्यांदेखत झिजतो, त्या अर्थी झिजलेल्या भागाची भरपाई करणारे द्रव्य त्याच्या शिरेत सोडल्यास झीज थांबली पाहिजे, हे अनुमान फैजपूरच्या शेतकऱ्याने एकट्यानेच काढलेले नाही. युरोप-अमेरिकेतील नामांकित शास्त्रज्ञ ते दीर्घकाळ उराशी धरून होते, आणि गेल्या पंधरा वर्षांत मोठ्या चाचण्यांच्या कसोटीवर उतरल्यानंतरच ते सैल पडू लागले. ते का सैल पडले, हे समजून घेण्यासारखे आहे.

नेहमीच्या सलाईनच्या बाटलीत मीठपाणी असते किंवा साखरेचे पाणी असते. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीतून रुग्णाच्या पदरी साखर पडते ती २५ ग्रॅम, म्हणजे फार तर शंभर कॅलरी, आणि ज्यावरून प्रथिनांचे माप काढतात ते नत्र (नायट्रोजन) शून्य. लोक जिला ताकदीची म्हणतात तिच्यात बहुधा ॲमिनो आम्ले, म्हणजे प्रथिने ज्यांच्या जोडणीतून बनतात ती घटकद्रव्ये, विरघळवलेली असतात. मनुष्याच्या प्रथिनांत अशी वीस आम्ले येतात. त्यांपैकी नऊ शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत व ती अन्नातूनच मिळावी लागतात. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या विल्यम रोझ यांनी १९३५ मध्ये थ्रिओनिन हे यांतले शेवटी हाती लागलेले आम्ल वेगळे काढले, आणि पुढे तरुण स्वयंसेवकांना मोजूनमापून आहार देऊन कोणते आम्ल किती लागते याचा हिशेब मांडला. त्या हिशेबातला मुख्य नियम असा, की या नऊंपैकी एक जरी कमी पडले तरी उरलेल्या आठांचा साठा कितीही मोठा असला तरी नव्या प्रथिनाचे काम अडते, व न वापरलेली आम्ले जळून जातात. ज्वारीत लायसिन हे आम्ल तोकडे असते. उडदात ते भरपूर असते. म्हणून ज्वारीत अख्खे काळे उडीद मिसळून दळलेल्या कळण्याची भाकरी खाणाऱ्याच्या शरीरात नुसत्या ज्वारीपेक्षा अधिक नत्र कारणी लागते. आमच्या पूर्वजांनी हे जाणूनबुजून केले असे म्हणण्याचा मोह मी टाळतो; ठेच्याबरोबर व भरिताबरोबर ती भाकरी खमंग लागते, एवढे कारण त्यांना पुरेसे वाटले असावे.

येथे शरीररचनेतली एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे, कारण पुढचा सारा विचार तिच्यावर उभा आहे. मेदाचा साठा शरीरात निराळा असतो आणि तो खर्च होण्यासाठीच असतो. साखरेचाही, अल्पसा का होईना, यकृतात व स्नायूंत साठा असतो. प्रथिनांची मात्र कोठेच शिल्लक नसते. शरीरातले प्रत्येक प्रथिन कोणत्या ना कोणत्या कामावर रुजू असते, कोणी स्नायू होऊन आकुंचन पावते, कोणी रक्तात औषधे वाहून नेते, कोणी जंतूंशी झुंजते. त्यामुळे प्रथिन खर्ची टाकणे याचा अर्थ चालू कारभारातला एखादा नोकर कमी करणे असा होतो.

निरोगी मनुष्य उपाशी राहिला तर शरीर हा खर्च मोठ्या शहाणपणाने आवरते. १९३६ च्या फैजपूर काँग्रेससाठी खानदेशात राबलेल्या साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात, पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्या भाविकांना खुले व्हावे म्हणून, दहा दिवस उपोषण केले. त्याआधी १९४३ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असलेल्या गांधीजींनी वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी एकवीस दिवसांचा उपवास पार पाडला. आत्मबलाचा भाग निराळा. परंतु देहाच्या बाजूने पाहिले तर असे उपवास शक्य होतात ते एका रासायनिक तडजोडीमुळे. यकृतातली साखर साधारण दिवसभरात संपते, त्यानंतर काही दिवस मेंदूला साखर पुरवण्यासाठी स्नायूंची प्रथिने मोडली जातात व मूत्रावाटे दिवसाला दहा-बारा ग्रॅम नत्र बाहेर पडते. पण हळूहळू यकृत मेदापासून कीटोन नावाची द्रव्ये बनवू लागते, मेंदू त्यांच्यावर गुजराण करण्यास शिकतो, आणि दोन-तीन आठवड्यांत नत्राची गळती तीन ते पाच ग्रॅमांवर येते. शरीर मेदावर जगू लागते आणि स्नायू राखते.

गंभीर आजारात नेमकी हीच तडजोड होत नाही. ग्लासगो येथील डेव्हिड कथबर्टसन हे १९३० च्या सुमारास हाडे मोडलेल्या रुग्णांचे मूत्र तपासत असता त्यांच्या ध्यानात आले, की त्यातून जाणारे नत्र दुखावलेल्या अवयवाच्या झिजेतून येऊ शकेल त्याच्या कितीतरी पट अधिक आहे. अर्थात पाय मोडला असता साऱ्या देहाचे स्नायू विरघळत होते, आणि चांगले खाऊ घालूनही ही गळती पुरतेपणी बंद होत नव्हती. जंतुदोष सर्वांगात पसरलेला, भाजलेला, अथवा मोठ्या अपघातातून आलेला रुग्ण दिवसाला वीस ग्रॅम नत्र सहज गमावू शकतो. एक ग्रॅम नत्र म्हणजे सव्वासहा ग्रॅम प्रथिन, आणि तेवढे प्रथिन सुमारे ३० ग्रॅम ओल्या स्नायूत असते. या दराने वीस ग्रॅम नत्र म्हणजे एका दिवसात सहाशे ग्रॅम मांस. लंडनमधील संशोधकांनी २०१३ मध्ये अतिदक्षता विभागातील ६३ रुग्णांच्या मांडीच्या स्नायूचे मापन प्रसिद्ध केले, तेव्हा दहा दिवसांत त्याचा छेद सरासरी सतरा टक्क्यांहून अधिक घटलेला आढळला. व्हेंटिलेटरवरून उतरलेल्या मनुष्याला पाण्याचा पेला उचलवत नाही, त्याचे कारण या आकड्यात आहे.

परंतु ही सगळी उधळपट्टी आहे असेही समजू नये. कॉर्टिसॉल, ॲड्रिनलिन, ग्लुकॅगॉन ही संप्रेरके आणि दाहातून निर्माण होणारे संदेशवाहक यांच्या हुकुमाने स्नायू मोडले जातात, व त्यांतून सुटलेली आम्ले यकृताकडे, जखमेकडे आणि प्रतिकारपेशींकडे रवाना होतात. तेथे जंतूंशी लढणारी प्रथिने बनतात, पेशी वेगाने वाढतात, जखम भरू लागते. हालचाल तूर्त बंद आहे, तेव्हा स्नायू मोडून प्रतिकाराला रसद पुरवावी, असा शरीराचा हा निर्णय असतो, आणि आजाराचे पहिले काही दिवस तो बहुधा जीवरक्षकच ठरतो. पूर्वी जे लोक अशा दुखण्यातून वाचले ते याच व्यवस्थेने वाचले. अडचण एवढीच, की ही व्यवस्था थोड्या दिवसांसाठी घडलेली आहे, आणि आजची यंत्रे रुग्णाला आठवडेच्या आठवडे त्याच अवस्थेत जिवंत ठेवतात.

शिरेवाटे प्रथिनांचे घटक देण्याचा उद्योग १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झाला. सेंट लुइसचे रॉबर्ट एल्मन यांनी दुधातल्या केसिनचे विघटन करून तो द्रव शिरेत सोडला. स्वीडनमध्ये आर्व्हिड व्रेटलिंड यांनी तो अधिक शुद्ध केला व पुढे १९६० च्या दशकाच्या आरंभी शिरेत निर्धोकपणे देता येईल असा तेलाचा द्रवही सिद्ध केला. फिलाडेल्फियात स्टॅन्ली डड्रिक यांनी १९६८ मध्ये कुत्र्यांची पिल्ले केवळ शिरेतल्या अन्नावर वाढवून दाखवली. त्याच काळात, आतडे निरुपयोगी असलेले एक अर्भकही तशाच अन्नावर वाढल्याचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. ज्याचे आतडे कामच करत नाही त्याच्या दृष्टीने हा शोध म्हणजे प्राणदानच होते, आणि आजही आहे. गोंधळ झाला तो निराळ्याच ठिकाणी: आतड्याच्या रोग्याला जे तारते ते प्रत्येक गंभीर रोग्याला बळ देईल, आणि थोडे दिल्याने थोडे साधत असेल तर पुष्कळ दिल्याने पुष्कळ साधेल, असा समज रूढ झाला.

आता आपल्याकडच्या एका बाटलीचा हिशेब करू. बाटलीवर दहा टक्के लिहिले असेल व ती दोनशे मिलिलिटरची असेल, तर तिच्यात ॲमिनो आम्ले वीस ग्रॅम. नव्वद ग्रॅम तुरीच्या डाळीत साधारण तेवढीच प्रथिने असतात. साठ किलो वजनाच्या गंभीर रुग्णाला युरोपीय वैद्यकसंघाच्या २०१९ च्या शिफारशीप्रमाणे, किलोमागे १.३ ग्रॅम या मानाने, हळूहळू वाढवत दिवसाला ७८ ग्रॅम प्रथिन मिळावे. निरोगी मनुष्यासाठी आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेने ठरवलेले मान किलोमागे ०.८३ ग्रॅम आहे. म्हणजे एका बाटलीने गंभीर रुग्णाच्या गरजेचा एक-चतुर्थांश भागतो, आणि ऊर्जा मिळते ती अवघी ऐंशी कॅलरी. थकवा वाटतो म्हणून गावातल्या दवाखान्यात जाऊन दोन दिवसांआड अशी बाटली लावून घेणारे, एरवी चांगले जेवणारे शेतकरी मी पाहिले आहेत. वाटीभर डाळ आणि दोन अंडी यांनी जे अल्प खर्चात झाले असते ते त्यांनी शिरेत सुई खुपसून घेऊन महागात विकत घेतले, एवढेच म्हणता येईल.

ऊर्जेचा उल्लेख केला त्यावरून एका मराठी शास्त्रज्ञाचे स्मरण होते. सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ मध्ये जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख होते. जगात प्रथिनांची भीषण टंचाई आहे, गरीब देशांना प्रथिनयुक्त खास खाद्ये पुरवली पाहिजेत, असा घोष १९६० च्या दशकात सर्वत्र चालला असता, सुखात्म्यांनी आहार-पाहण्यांचे आकडे मांडून प्रतिपादन केले, की भारतीय गरिबाच्या ताटात खरी तूट प्रथिनांची नसून एकंदर अन्नाची, म्हणजे ऊर्जेची आहे. पोट अर्धे रिकामे असेल तर खाल्लेले प्रथिनही जळणाच्या कामी जाते. त्यांच्या पुढच्या काही मतांवर पुष्कळ वाद झाला, पण हा मुद्दा टिकला. रुग्णशय्येशी त्याचा संबंध उघड आहे: सोबत पुरेशी ऊर्जा नसेल तर महागडी आम्लेही जळणच होतात. मात्र येथे आजाराने एक पेच घातला आहे. गंभीर रुग्णाचे यकृत बाहेरून कितीही साखर दिली तरी आतून साखर बनवत राहते, इन्शुलिनला पेशी दाद देत नाहीत. म्हणून पहिल्या आठवड्यात भरमसाट ऊर्जा ओतली तर रक्तातली साखर चढते, यकृतात मेद साचतो, आणि स्नायूंची मोड चालूच राहते. बेल्जियममध्ये ४,६४० रुग्णांवर झालेल्या व २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, शिरेतले पूरक अन्न पहिल्या दोन-तीन दिवसांतच चालू केलेल्या रुग्णांपेक्षा ते आठवडाभर लांबणीवर टाकलेल्या रुग्णांना जंतुदोष कमी झाले व ते लवकर बरे होऊन बाहेर पडले. अन्न उशिरा दिल्याने लाभ व्हावा हे ऐकून अनेकांना धक्का बसला. त्याच्या कारणांचा शोध घेताना दिसले, की जादा दिलेल्या आम्लांतले निम्म्याहून अधिक नत्र यकृताने युरिया करून मूत्रावाटे काढून टाकले होते. शिवाय आजारी पेशी आपले बिघडलेले भाग स्वतःच मोडून साफ करतात, त्या कामात हे अवेळी अन्न अडथळा आणते असा तर्क आहे.

एखाद-दुसरेच आम्ल वेगळे काढून भरपूर देण्याची कल्पना तर याहून मोहक होती. ग्लुटामिन हे रक्तात व स्नायूत सर्वांत विपुल असलेले मुक्त आम्ल. प्रतिकारपेशी आणि आतड्याच्या अस्तरातील पेशी ते जळण म्हणून वापरतात. गंभीर आजारात रक्तातले त्याचे प्रमाण घसरते, आणि ज्यांचे घसरते ते अधिक दगावतात. मग ते भरून द्यावे, हे कोणालाही पटेल. कॅनडा, अमेरिका व युरोप येथील चाळीस अतिदक्षता विभागांत, एकाहून अधिक इंद्रिये निकामी होत चाललेल्या १,२२३ रुग्णांवर ही चाचणी झाली व २०१३ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ग्लुटामिन मिळालेल्यांपैकी २८ दिवसांत ३२.४ टक्के दगावले, न मिळालेल्यांपैकी २७.२ टक्के, सहा महिन्यांअखेरचा फरकही ग्लुटामिनच्या विरुद्धच गेला. भाजलेल्या रुग्णांच्या बाबतीत तरी उपयोग होईल ही आशा २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुमारे बाराशे रुग्णांच्या चाचणीने मावळली. रक्तातले प्रमाण घसरणे ही आजाराची खूण होती, आजाराचे कारण नव्हे; पुष्कळांच्या रक्तात तर ते कमीही नव्हते.

ज्वारी खाणाऱ्या दख्खनी मुलखाला या निष्कर्षाचे तितकेसे आश्चर्य वाटू नये. हैदराबादच्या पोषण संशोधन संस्थेत सी. गोपालन व श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये असे मांडले होते, की केवळ ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांत पेलाग्रा हा कातडीचा व बुद्धीचा रोग होतो त्याला ज्वारीतले ल्युसिन हे आम्ल अंशतः कारणीभूत असावे, कारण त्याचा अतिरेक ट्रिप्टोफॅनपासून नायासिन हे जीवनसत्त्व बनण्याच्या क्रियेत व्यत्यय आणतो. उपपत्ती पुढे वादग्रस्त ठरली. परंतु एका आम्लाची चढती मात्रा दुसऱ्याच्या कारभारात हात घालते ही दृष्टी आपल्याकडे तेव्हापासून होती, आणि एकेरी आम्लांचे डोस देणाऱ्यांनी तिची आठवण ठेवली असती तर बरे झाले असते.

राहता राहिला प्रश्न एकंदर प्रथिनांच्या मात्रेचा. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सोळा देशांतील तेराशे रुग्णांच्या चाचणीत किलोमागे २.२ ग्रॅम किंवा अधिक देण्याचा बेत आणि १.२ ग्रॅमपर्यंत देण्याचा बेत यांची तुलना झाली. अधिक मात्रेने कोणी लवकर घरी गेले नाही, आणि ज्यांची मूत्रपिंडे आधीच बिघडली होती त्यांना ती मात्रा बाधक ठरल्याची चिन्हे दिसली. नेदरलँड्स व बेल्जियममधील २०२४ च्या चाचणीत तर अधिक प्रथिन मिळालेल्यांचे पुढील सहा महिन्यांतले जीवनमान उलट काहीसे खालावलेले आढळले. यावरून प्रथिने देऊच नयेत असे निघत नाही. ती ज्या वेळी दिली जातात त्या वेळी शरीराची ती घेण्याची तयारी आहे की नाही, हा प्रश्न मात्रेइतकाच मोठा आहे, असे निघते.

म्हणून हल्ली जाणते डॉक्टर रक्तदाब सावरताच, शक्य तो पहिल्या दोन दिवसांत, नाकातून पोटात घातलेल्या नळीवाटे थोडे थोडे अन्न सुरू करतात आणि आठवडाभरात ते पुऱ्या मात्रेला नेतात. शिरेतली आम्ले आतडे बंद पडले असेल अशा वेळेसाठी राखून ठेवतात. आधीच उपासमार झालेल्या रुग्णाला एकदम भरपेट अन्न दिले तर रक्तातले फॉस्फेट व पोटॅशियम कोसळून हृदय बंद पडू शकते. दुसऱ्या महायुद्धानंतर छावण्यांतून सुटलेले किती तरी कैदी जेवणाच्या ताटावरच असे गेले. नळीतून घालण्यासाठी आप्तेष्ट घरून जे आणतात त्याविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत. डाळीवरचे निवळ पाणी पौष्टिक नाही, प्रथिन खालच्या गाळात राहते. केळे ही आमच्या मुलखाची लक्ष्मी खरी, तिला शंभर ग्रॅमला शंभरेक कॅलरीही आहेत. पण प्रथिन जेमतेम एक ग्रॅम आणि पोटॅशियम मात्र साडेतीनशे मिलिग्रॅमच्या घरात, म्हणून मूत्रपिंड बंद पडलेल्या रुग्णाला बागेतली उत्तम केळी कुस्करून घालणे जिवावर बेतू शकते. नारळपाण्याचेही तसेच. नळीत काय जावे हे तेथील आहारतज्ज्ञाला विचारूनच ठरवावे.

स्नायू पुन्हा भरून येण्याचा काळ रुग्ण घरी परतल्यावर सुरू होतो, आणि नेमक्या त्याच वेळी सगळ्यांचे लक्ष उडते. अतिदक्षता विभागात बाटलीसाठी हट्ट धरणारे घर, रुग्ण फैजपुरास परतला की त्याला महिनाभर पेज, साबुदाणा आणि मुगाचे पातळ पाणी यांवर ठेवते, कारण आजाऱ्याला हलके द्यावे ही शिकवण पक्की असते. दाह ओसरलेला असतो, भूक येऊ लागलेली असते, स्नायू आता आम्ले घेण्यास राजी असतो, फक्त दोन अटींवर: त्याला दररोज कामास लावले पाहिजे, आणि आम्ले ऊर्जेसह आली पाहिजेत. मूत्रपिंडाच्या किंवा यकृताच्या कारणाने डॉक्टरांनी मनाई केलेली नसेल तर दूध, दही, अंडी, घट्ट वरण, शेंगदाणे, चालत असेल त्या घरी मासे-मटण, हे थोडे थोडे करून दिवसातून पाच-सहा वेळा द्यावे, आणि आधार देऊन रुग्णाला रोज खोलीतून ओट्यापर्यंत चालवावे. औषधाच्या दुकानातली प्रथिनांची भुकटी घ्यायचीच असेल तर डब्यावरचे चित्र न पाहता मागचा तक्ता वाचावा. शंभर ग्रॅम भुकटीत प्रथिन किती व साखर किती हे तेथे छापलेले असते, आणि काही डब्यांत दुसरा आकडा पहिल्यापेक्षा मोठा निघतो.